दिगू मिस्त्री आन् ती पितळी रिंग

दिगू मिस्त्रीला चहा आणून दिला तर पहिला घोट तो आणणाऱ्याला प्यायला लावायचा. मंग उरलेला बशीत वतायचा, वास घ्यायचा, बशी उन्हाकडं तिरपी करून बघायचा, आन् मंग प्यायचा. चहावाला रोजचाच. तो म्हणायचा, "मिस्त्री, तुम्हाला मारून मला काय मिळणार हाय? तुमचा पाना?"

मिस्त्री म्हणायचा, "तुला नाय काय मिळणार. पण तुला कुणी पाठवलं असंल तर?"

असा माणूस. गल्लीतली लोकं हसायची. मी त्याच्याजवळ इतकी वर्षं काम केलं, मला हसू कमीच यायचं. कारण मला ठाव व्हतं, तो गंमत करत नव्हता.

तो भटाबामणाच्या घरचा. बाप पूजाअर्चा सांगायचा, एक भाऊ बँकेत, एक कॉलेजात मास्तर. हाच एक शाळा सोडून शहागंजाकडं एका उस्तादाच्या गॅरेजात जाऊन बसला. उस्ताद मुसलमान. त्याच्यापास्नं गिअरबॉक्सचं काम शिकला आन् दखनी बोली बी शिकला. घरात मराठी बोलायचा, गॅरेजात चिडला की दखनी. अंगात मळका सदरा, खाली धोतर, सदऱ्याच्या आत जानवं, जानव्याला कपाटाची किल्ली. पाण्याचा तांब्या कुणाला शिवू द्यायचा नाय. लोकं म्हणायची, बामण हाय, सोवळं पाळतो. सोवळं कसलं! उस्तादाच्या घरी ईदला बसून जेवायचा. तांब्यात कुणी काय टाकील, एवढंच त्याचं सोवळं.

मी मूळची सोयगावकडची. मालक जिनिंगमदी कामाला व्हते. पट्ट्यात हात गेला, जखम चिघळली, माणूस गेला. एक पोरगी कडंवर घेऊन शहरात आले. मुकुंदवाडीकडं खोली धरली आन् एका कॉलनीत धुणीभांडी धरली. तिथं एका घरातली चांदीची वाटी हरवली. बाईनं शेजारणी गोळा केल्या आन् त्यांच्यापुढं माझी झडती घेतली. लुगड्याचा ओचा सोडायला लावला. वाटी निघाली नाय. मंग काही दिसांनी ती वाटी त्यांच्याच पाळण्याच्या गादीखाली घावली. मला सांगायला कुणी आलं नाय. दुसऱ्या कामवालीकडून कळलं. पर तवर त्या गल्लीतली माझी समदी कामं गेली व्हती. चोर म्हणायला एक तोंड लागतं. चोर नव्हती म्हणायला कुणी तोंड उघडत नाय.

त्या टायमाला कुणी सांगितलं, दिगू मिस्त्रीला गाडीचे पार्ट धुवायला माणूस पायजे. गेले. त्यानं मला वरपास्नं खालपर्यंत बघितलं.

"चोरी केली का कधी?"

"नाय."

"केली असती तर मला सांगितलं असतं का?"

"नाय."

"मंग तुझ्या नाय म्हणण्याला काय अर्थ?"

"काय बी नाय," मी म्हणलं.

 मंग म्हणला, "भांडी घासतीस ना? मंग गिअर घास. उद्यापास्नं ये."

काम म्हंजे असं. गाडीचा गिअरबॉक्स उतरवून तो खोलायचा, आतली दातेरी चाकं, दांडे, रिंगा, समदं काढून एका मोठ्या टबात टाकायचा. टबात घासलेट. पुढं घासलेट मिळंना झालं तवा डिझेल. मी बरशानं एकेक घासायचं आन् फडक्यावर मांडायचं. धुतलेला माल तो गोणपाटात बांधून ठिवायचा आन् त्या गाठोड्याला जानव्याची गाठ मारायचा. ती गाठ मारणं दुसऱ्या कुणाला जमायचं नाय. कुणी सोडली तर परत तशी बांधता यायची नाय, म्हणून.

पहिल्याच दिवशी टबाच्या तळाला मला एक पितळी बुश, दांड्यावर चढवायची आखूड नळी, घावला. मी नेऊन त्याच्या हातावर ठिवला.

"कुठं व्हता?"

"तुम्ही टाकला तिथं."

"मी टाकला हे तुला कसं कळलं?"

"बाकी समद्याला जुनं काळं तेल. हा तेवढा पुसून ठिवलेला दिसला."

त्यानं बुश खिशात टाकला. पुढं बी चारदोन महिन्यांनी टबात असं काहीतरी पितळेचं निघायचंच. पितळेला भंगारात भाव, म्हणून पितळच टाकायचा. मी नेऊन द्यायची, "घ्या, तुमचं." तो म्हणायचा, "बरं." रामराम घातल्यासारखं झालं व्हतं ते. मला राग नाय आला कधी. कॉलनीत माझ्या एकटीवर संशय व्हता. इथं समद्यांवर व्हता.

सख्ख्या भावावर बी व्हता. बँकेतला भाऊ एकदा नातवाच्या मुंजीचं बोलावणं घेऊन गॅरेजात आला. मिस्त्रीनं पत्रिका उलटीपालटी करून वाचली. म्हणला, "कामून बोलावलं?"

भाऊ म्हणला, "अरे, घरातलं कार्य हाय दिगू."

"मागच्या दोन कार्यांना नाय बोलावलं. आता कामून?"

भाऊ गोरामोरा झाला. मिस्त्री गेला मुंजीला. पर मांडवात बसला नाय, दारात चपलांपाशी बसला. मी दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणला, "नवीन चप्पल व्हती. आपल्या लोकांवर विश्वास कसला ठेवतीस? विश्वास पानिपतात मेला, गयाबाई."

स्वतःवर बी व्हता त्याचा संशय. नट आवळला की उठून जायचा, पाणी प्यायचा, गल्लीत एक चक्कर मारायचा. मंग परत येऊन तोच नट दुसऱ्या कुणी आवळल्यासारखा तपासायचा. तोंडानं पुटपुटायचा बी, "कुण्या गाढवानं आवळलाय?" लिहून मातूर काय ठिवायचा नाय. कागद चोरीला जातो म्हणायचा. समदा हिशोब डोक्यात. कोणत्या गाडीतून काय निघालं, कोणतं आधी, कोणतं मागून, समदं डोक्यात.

आता ती रिंग.

अण्णासाहेब म्हणून पाचोडकडचे मोठे बागाईतदार. मोसंबीच्या बागा, शहरात बंगला. त्यांच्या आज्याची एक जुनी मोटार व्हती, नाकाड लांब, दिवे डोळ्यासारखे. वर्षानुवर्षं गोठ्यात पडलेली. ती त्यांना परत चालू करायची व्हती. जुन्या गाड्यावाल्यांची मिरवणूक अजिंठ्याला जाणार व्हती, घाट उतरून खाली फर्दापूरपर्यंत. अण्णासाहेबांना नातवंडं गाडीत बसवून जायचं व्हतं. गिअरबॉक्स आला मिस्त्रीकडं. त्यानं खोलला, टबात टाकला, मी धुवायला बसले.

तळाला एक पितळी रिंग घावली. पाटलीएवढी, आतून घासलेली, बाहेरून बारीक दाते. पुसलेली कोरडी. मी मनात म्हणलं, आली. नेऊन हातावर ठिवली. "घ्या, तुमचं."

मिस्त्रीनं रिंग बघितली. उलटी केली. चष्मा वर करून बघितली.

"हे काय हाय?"

मी हसले. "मला काय विचारता?"

"कहाँ से आया ये?" एकदम दखनीत आला. मंग मला कळलं की माणूस चिडलाय.

मला वाटलं, सोंग करतोय. आजवर बुश टाकले, आता नवीन डाव दिसतोय. इतक्या वर्षांनी अजून पारखायचंय का मला? मी बी बारीक नजरेनं त्याच्याकडं बघाय लागले. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. दिवसभर असंच.

पर सोंग करणारा माणूस घामेजत नाय. त्यानं ती रिंग अण्णासाहेबांच्या गाडीच्या दांड्यावर चढवून बघितली. चढली, पर डुगडुगली. काढली. परत चढवली. म्हणला, "बसती बी, आन् बसत बी नाय." दांड्याकडं बघत राहिला. मंग मी पहिल्यांदा बघितलं की ह्या गिअरबॉक्सच्या डब्यातून किती रिंगा निघाल्या हे त्याला आठवत नव्हतं. ओठ हलवून मोजायचा, मधीच थांबायचा, परत पहिल्यापास्नं.

आठवंना म्हटल्यावर त्यानं त्याच्या रीतीनं अर्थ लावला. मला पुढं बोलावलं.

"ही खोटी हाय. खरी रिंग कुणीतरी काढून नेली आन् ही भंगारातली टाकली, भरती म्हणून. टबाला हात कुणाचा लागतो?"

"माझा."

"अजून कुणाचा?"

"तुमचा."

"माझा सोड."

  पायाखालची फरशी तेवढी दिसत व्हती. पोरीचं लगीन झालेलं, तिच्या सासरी लोकं मला मिस्त्रीकडची गयाबाई म्हणून मान द्यायची. आता तिथं बी वाटी पोचणार, असं वाटलं.

सांजच्याला अण्णासाहेब आले, बरूबर त्यांचा पुतण्या. पुतण्यानं रिंगेचा फोटो काढला आन् मोबाईलवर कुठंकुठं धाडला. पुण्याहून, मुंबईहून उत्तरं आली. एक म्हणला क्लचची हाय. एक म्हणला जुन्या ट्रॅक्टरची. एकानं तर पाण्याच्या पंपाची म्हणून सांगितलं. मिस्त्री म्हणला, "पंपाची! त्याला म्हणावं, तुझ्या बापाच्या पंपाला गिअर असत्याल."

अण्णासाहेबांनी माझ्याकडं बघितलं आन् मिस्त्रीला म्हणले, "छडा लागेपर्यंत बाईला कामावर ठेवू नका. नाहीतर मला चौकीवर जावं लागंल."

मिस्त्री म्हणला, "तिला घालवली तर माल बी जाईल. ती इथंच बसंल, माझ्यासमोर."

ही माझी बाजू घेतली का मला कोंडली, ते मला आजपर्यंत कळलं नाय. टबापाशी मला जाऊ देईना. दारात स्टूल टाकून बसवलं. मी बसले. घरी बसले असते तर कबूल केल्यासारखं झालं असतं.

जुन्या मोंढ्याच्या बाजूला हसनभाईचं जुन्या स्पेअर पार्टचं दुकान व्हतं. हसनभाई आन् मिस्त्री एकाच उस्तादाचे चेले, पर तरणेपणीच बोलणं तुटलेलं. कामून, ते दोघांना बी सांगता यायचं नाय. दुसरा कुणी ओळखंना, तवा मिस्त्रीनं रिंग फडक्यात गुंडाळून मला दिली.

"हसनकडं जा. कुणी पाठवलं ते सांगू नको. कुठल्या गाडीची, एवढंच विचार."

"चोराच्या हातातच माल देता का?" मी म्हणलं. एवढंच बोलले मी त्या समद्या भानगडीत.

तो म्हणला, "तू जा तर."

गेले. हसनभाईनं फडकं सोडलं आन् बघताक्षणी म्हणला, "अरे, ये तो मिलिटरी ट्रक का माल है. लिलाव में आए थे वो ट्रक. गिअरबॉक्स में ऐसी दो रिंगां रहते." मंग माझ्याकडं बघून हसला. "दिगू ने भेजा ना तेरे कू?"

"कुणी नाय पाठवलं."

"हौ हौ, नक्को बता. पर ऐसा डब्बा पूरे शहर में एकीच है. उस्ताद गुजरे तो दिगू लेके गया. देख उसके तखत के नीचे."

मला ते तखत रोज दिसायचं. मिस्त्री दुपारी त्यावर पडायचा. तखताचा एक पाय मोडलेला, त्या जागी एक जुना रिकामा गिअरबॉक्स लावलेला. त्यात एक गाठोडं कोंबलेलं असायचं. तिथलंच पितळ उचलून त्यानं टबात टाकलं व्हतं, नेहमीसारखं, मला पारखायला. आन् टाकलेलं विसरला व्हता.

दुकानातून बाहेर आले तर समोर उसाच्या रसाच्या गाड्यामागं धोतर दिसलं. मिस्त्री माझ्या मागं रिक्षा करून आला व्हता. दिसला तर लपला बी नाय.

"काय म्हणला?"

मी भर रस्त्यात सांगितलं. हसनभाई बोलला तसं, शब्दाला शब्द. मंग म्हणलं, "मिस्त्री, ती तुम्हीच टाकली. दर येळेसारखी."

"तू बघितलं टाकताना?"

"नाय."

"मंग? तू आन् हसन मिळालेले असाल."

"असू बी," मी म्हणलं. "गॅरेजात जाऊन तखत उचला."

रिक्षात तो एका कडंला, मी एका कडंला.  गॅरेजात आल्यावर त्यानं दार लावून घेतलं. तखत दोघांनी मिळून उचललं. त्यानं डब्यातलं गाठोडं बाहेर ओढलं. वर गाठ बघितली, आन् हात तिथंच थांबला.

जानव्याची गाठ व्हती. नीट मारलेली. धोतराच्या नव्या चिंधीची, अजून पांढरी. त्या चिंधीचं धोतर त्यानं आठ-पंधरा दिसांमागंच फाडलं व्हतं.

बराच येळ बोटानं ती गाठ चाचपत बसला. मंग सोडली. आत दुसरी रिंग व्हती, एकटी. फडक्यातली तिच्याशेजारी ठिवली. सख्ख्या बहिणी.

मला वाटलं आता काहीतरी बोलंल. माफी बिफी नाय, तो त्यातला नव्हता, पर काहीतरी. त्यानं गाठोडं परत बांधायला घेतलं. गाठ मारताना हात चुकला. सोडून परत मारली. दुसऱ्यांदा जमली. मंग माझ्याकडं न बघता म्हणला, "गयाबाई, मला ती टाकलेली आठवत नाय. आत्ता बी आठवत नाय. तू सांगतीस, गाठ सांगती, हसन सांगतो. मला नाय आठवत."

मी पाणी आणलं. त्यानं तांब्या हातात घेतला आन् सरळ प्यायला. वास न घेता.

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब पुतण्याला घेऊन आले. मला वाटलं, मिस्त्री आता गोलगोल बोलंल. आपली लाज झाकायला गरिबाच्या अंगावर ढकलणारे म्या लई बघितलेत. मी दारातल्या स्टुलावर बसूनच व्हते.

मिस्त्री म्हणला, "तुमच्या गाडीचं समदं जागेवर हाय. ती रिंग तुमची नव्हती. बाईचं नाव परत घेऊ नका."

"मग टबात टाकली कुणी?"

"ज्यानं टाकली त्याला मी ओळखतो."

"कोण हाय तो? अजून इथं येतो?"

"रोज येतो," मिस्त्री म्हणला. "त्याच्यावर माझी नजर हाय. तुम्ही निघा."

अण्णासाहेब इकडंतिकडं बघाय लागले. पुतण्या माझ्याकडं बघायचा थांबला, एवढं मातूर मी बघितलं. मंग अण्णासाहेब माझ्यापाशी आले आन् म्हणले, "बाई, मनावर घेऊ नका." लहान वाक्य. पर दारात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणले. कॉलनीतून मला तेवढं बी मिळालं नव्हतं.

गाडीचं काम मिस्त्रीनं पुरं केलं, पर वेगळ्या रीतीनं. स्टूल उचलून टबापाशी आणलं, मला बसवलं, आन् दर पार्ट बसवायच्या आधी माझ्यापुढं धरायचा. "हा धुतला व्हतास का?" "धुतला." "ह्याच डब्यातला?" "ह्याच." मंगच बसवायचा. मला काय कळायचं नाय कोणता पार्ट कुठं जातो. पर मी घासलेलं भांडं ओळखते, तसं ओळखायची. गाडी घाट उतरून सुखरूप वापस आली. अण्णासाहेबांनी पेढे धाडले. मिस्त्रीनं पहिला मला खायला लावला. मी मनात म्हणलं, चला, अजून आपला मिस्त्री तोच हाय.

पर मोठं काम त्यानं मंग कधी घेतलं नाय. सोपी कामं घ्यायचा, ती बी माझ्यासमोर. पुण्याहून त्याची पोरगी सुमन फोन करायची. तिनं डॉक्टरला दाखवलं, औषधं चालू केली. तिच्याकडंच नेऊन ठेवायचं ठरलं. तो नाय म्हणला नाय. मला त्याचंच नवल वाटलं.

न्यायला जावई आन् सुमन आले. सामान काय, एक पेटी आन् तांब्या. गाडीपाशी गेला, आन् परत फिरला. माझ्यापुढं येऊन उभा राहिला आन् सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर काढाय लागला.

सुमन म्हणली, "बाबा, हे काय? चला ना."

"थांब. झडती होऊ दे. नंतर कुणी म्हणायला नको."

सुमनचे डोळे भरले. ती मला म्हणली, "मावशी, ऱ्हाऊ द्या हो."

मी ऱ्हाऊ दिलं नाय. खोटी झडती घेतली असती तर त्याला कळलं असतं. मी नीट घेतली. एका खिशात रुमाल आन् गोळ्यांचं पाकीट. दुसऱ्यात एक लहान पाना, मुठीनं झिजलेला.

तो पान्याकडं घाबरून बघाय लागला. "हा कुणाचा?"

"तुमचा."

"नक्की? गॅरेजातला नाय?"

"तुमचाच. उस्तादानं दिलेला. मी रोज बघितलाय तुमच्या हातात."

"बघितलाय?"

"बघितलाय."

मंग त्यानं तो परत खिशात ठिवला, खिशावरनं हात फिरवला आन् जाऊन पुढच्या शीटवर बसला. मी हात वर केला. त्यानं काय माझ्याकडं बघितलं नाय. जावई गाडी वळवत व्हता, आन् गल्लीच्या तोंडाला जाईपर्यंत मिस्त्रीची नजर जावयाच्या गिअरवरच्या हातावर व्हती.